पिराजी का वाकला नाही?

“कोल्हापुरात खोल गोष्टी दोनच. एक रंकाळा, दुसरी माझी नजर. त्यात रंकाळ्याचा तळ उन्हाळ्यात दिसतो तरी.”

जकात नाक्यावरचे कारकून नृसिंहराव स्वतःची ओळख अशी करून देत. कागलहून येणाऱ्या बैलगाडीत वैरणीखाली गुळाच्या किती ढेपा आहेत हे ते लांबूनच सांगत, आणि चुकत. ‘आणि चुकत’ हे फक्त माधवला ठाऊक होतं. शेजारच्या टेबलावरचा हा चाळिशीतला सोशिक कारकून नाका सुटला की नृसिंहरावांच्या तपासाची वही लिहीत असे.

१९५३ सालच्या त्या आठवड्यात वहीत एकच प्रश्न होता. रविवारी फुटबॉलच्या सामन्यात चिंचबन तालमीचा गोलकीपर पिराजी वाकला का नाही?

चेंडू काही तोफेतून सुटला नव्हता. वाटेत चार ओळखीच्यांची विचारपूस करत आल्यासारखा सरपटत आला. पिराजीनं त्याच्याकडं बघितलं, त्यानं पिराजीकडं. मग तो आत गेला आणि तालीम एका गोलनं हरली.

सोमवारी उजाडेपर्यंत पेठेचं एकमत झालं : पिराजी पलीकडच्या पेठेला विकला गेला. शनिवारी पंच बसून त्याची जर्सी काढून घेणार होते. बावड्याच्या कारखान्यात दिवसभर पोती उचलणाऱ्या त्या माणसाजवळ मिरवण्यासारखं तेवढंच होतं. तरी त्यानं तोंडातून शब्द काढला नव्हता.

“गुन्हेगार गप्प बसतो,” नृसिंहराव म्हणाले.

“आणि निरपराधी?”

“तोही बसतो. पण वेगळ्या तऱ्हेनं. लिहा.”

माधवनं लिहिलं.

जबानी. दादासो, किराणा दुकान :

“पोरावानी जपला की त्याला. सामन्याच्या सकाळी कट्ट्यावर नेऊन धारेचं दूध पाजलं. अर्ध्या शेराचा पेला. आणि त्याचं ह्ये फळ?”

(कट्टा तालमीसमोरच. गवळी म्हशी घेऊन उभे असतात आणि डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून देतात. पैलवान असो की गोलकीपर, त्याला दूध पाजणं हा पेठेतल्या वडीलधाऱ्यांचा हक्क.)

जबानी. नेमिनाथ मास्तर :

“माझ्या हातानं दूध पाजलं हो. मी शाळेत कुणाला टाकभर शाईसुद्धा देत नाही.”

जबानी. आण्णा शिंपी :

“मीबी पाजलं. त्याची विजारबी माझ्याच हातची. माझी न्हाय तर न्हाय, विजारीची तरी लाज राखायची.”

जबानी. गणपतराव, मुख्य पंच :

“मी सकाळीच वळखलंतं. नजरच फिरलीती त्याची.”

“कशावरून?” माधवनं विचारलं.

“माधवराव, मधे बोलू नका,” नृसिंहराव म्हणाले. “वहीत नजर ठेवा, दूध खोडा. दूध म्हणजे भावना, पुरावा नव्हे.”

माधवनं दूध खोडलं. तीन ठिकाणी.

सिद्धांत पहिला, लाच. पिराजीच्या पायात नवी पायताणं होती, करकर वाजणारी. त्यांचा माग काढत नृसिंहराव कोडोलीला गेले. ती सासऱ्यानं दिलेली निघाली. सासऱ्यानं नृसिंहरावांना जेवू घातलं आणि गोल खाल्ल्याबद्दल जावयाला शिव्या दिल्या.

सिद्धांत दुसरा, करणी. गोलामागं अर्धं लिंबू सापडलं. ते रुमालात बांधून आणल्यावर माधव म्हणाला, “मध्यंतरात खेळाडू लिंबू चोखतात.”

सिद्धांत तिसरा, बाई. (हे पान नृसिंहरावांच्या पत्नी कालिंदीबाई यांनी फाडलं.)

शनिवारी संध्याकाळी तालमीत पंच बसले. पिराजी घडी घातलेली जर्सी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला होता. नृसिंहराव लाच, करणी आणि बाई यांची एकत्र मोट बांधत असताना केरबा गवळी राहिलेले पेले गोळा करायला आत आला आणि ऐकत थांबला.

“साहेब, फुटबॉल मला कळत न्हाय. म्हशी कळत्यात. रविवारी सकाळी ह्या एका गड्यानं माझ्या दोन म्हशी रिकाम्या केल्या. नऊ पेले. आणि तुम्ही इचारतासा, ह्यो वाकला का न्हाय? वाकला असता तर मैदानात दही लागलं असतं.”

दादासोंनी मास्तरांकडं बघितलं, मास्तरांनी आण्णाकडं. प्रत्येकाला वाटत होतं, आपण पाजला तो एकच पेला. माधवनं वही मिटली. पाचवा त्याचा होता. सहावा आणि सातवा नृसिंहरावांचा.

“मग बोलला का न्हाईस लेका?” दादासो म्हणाले.

“पाजणाऱ्याचं नाव कसं घ्यायचं? वडीलधाऱ्यांच्या हातचा पेला. न्हाय म्हणवत न्हाय.” पिराजीनं मांडीवरच्या जर्सीची घडी सारखी केली. “एकदाच न्हाय म्हणालो. दहाव्या पेल्याला.”

“कुणाच्या?”

पिराजीनं जमिनीकडं बघितलं. गणपतरावांनी आढ्याकडं.

“नऊ पेले गोड लागले आणि माझाच नको,” गणपतराव म्हणाले. “मग गडी फुटला असंच वाटणार की.”

आण्णा हळूच म्हणाला, “नऊ पेले पोटात. आणि गोल एकच?”

“पलीकडचा कीपर असता तर पाच खाल्लं असतं,” दादासो म्हणाले.

“सात,” मास्तर म्हणाले. ते गणिताचे मास्तर होते.

दहा मिनिटांत पिराजी पेठेनं आजवर बघितलेला सर्वांत थोर गोलकीपर झाला. खुद्द गणपतरावांनी त्याच्या गळ्यात जर्सी घातली. उलटी घातली, पण पिराजीनं ती तशीच राहू दिली.

“मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो,” नृसिंहराव म्हणाले. “पण मग सामना हरलो कुणामुळं?”

हरलो म्हणजे कुणीतरी गुन्हेगार पाहिजेच.

“गोलाम्होरं फुलबॅक कोण हुता?”

“बाळासो.”

“केरबा, त्यानं किती पेले घेतलेते?”

केरबानं आठवलं. “एक.”

“एकच?” गणपतराव उठून उभे राहिले. “आणि तरी चेंडू सोडला?”

बाळासो त्या वेळी तालमीमागच्या विहिरीवर अंगावर गार पाणी ओतून घेत होता. मोठ्यानं गात.