जिलबीच्या छबीची मोहीम

श्रीगजाननाचे चरणी मस्तक ठेवून आणि विजेचा दाब स्थिर राहो ऐसे मागून लिहावयास आरंभ केला. शके एकोणीसशे सत्तावीस, पार्थिवनाम संवत्सर, कार्तिक शुद्ध द्वितीया, भाऊबीज, ते दिवशी जे घडले ते ऐसे. राज्याचे नाव लिहीत नाही, लिहिले तर शेजारी वाचतील. राज्य तीन खोल्यांचे, गच्ची सामाईक. गादीवर दिगंबरपंत, परंतु कारभार सारा त्यांचे कुटुंब अक्कासाहेब कुमुदबाई यांचे हाती. अक्कासाहेबांस पाठचे बंधू दोन, थोरले त्रिंबकराव आणि धाकटे जगन्नाथराव, आणि उभयतांत वडिलार्जित पितळी बंबावरून बारा वर्षांचे वैर. वाटणीत बंब थोरल्याने नेला आणि तोटी धाकट्याने नेली, मग एकाकडे पाणी तापे परंतु निघेना, आणि दुसऱ्याकडे तोटी लखलखीत परंतु पाण्याचा थेंब नाही. ऐसे असोन दोघेही आंघोळीस गार पाणी घेते जाहले, परंतु बोलते न जाहले. अक्कासाहेब दर भाऊबीजेस थोरल्यास सकाळी ओवाळीत आणि धाकट्यास सांजवेळी, आणि मधल्या वेळात निरांजन विझवून पदराने डोळे पुशीत. "दोघांना एका ताटाने ओवाळीन, मग माझं काही मागणं नाही," ऐसे त्या देवास सांगत. हे दुःख खरे होते, यात थट्टा नाही.

तों वैशाखात अक्कासाहेबांचे कन्येचे लग्न निघाले, आणि दिगंबरपंतांनी क्यामेरा नामे नवे छबीयंत्र आणिले. डोळे मिटून कळ दाबावी ही पंतांची रीत, त्यामुळे काय टिपले हे पंतांसही ठाऊक नसे. पंक्तीत मोठे नवल वर्तले. त्रिंबकराव आणि जगन्नाथराव यांनी सर्व मंडळींदेखत परस्परांचे मुखी जिलबी घातली, आणि पंतांनी कळ दाबली. परंतु घरी जाताच दोघे म्हणो लागले की आधी हात दुसऱ्याने पुढे केला, म्हणोन नमला तो दुसरा. "त्याने आधी भरवलं हे तो कबूल करील तरच मी त्याच्या पंक्तीला बसेन," ऐसा एकाचा निरोप, आणि दुसऱ्याचाही शब्दशः तोच. यंत्राचे पाठीवर पेढ्याएवढा पडदा होता, त्यात पाहावे तों ज्यास जे हवे ते दिसे. सबब छबी कांप्युटराचे थोर पडद्यावर उतरवावी आणि न्याय करावा, ऐसे ठरले. मग आषाढ गेला आणि श्रावण गेला, आणि पंत "उतरवू की, पळून का जातायत?" ऐसे म्हणत राहिले. तों दसरा आला.

खंडेनवमीस अक्कासाहेबांनी सर्व यंत्रे पाटावर मांडिली. मिक्सर, इस्त्री, शिवणयंत्र आणि क्यामेरा. पूजा वरवर करू नये, आत पोचली पाहिजे, ऐसा त्यांचा नेम, म्हणोन ज्या यंत्रास जे झाकण होते ते उघडोन आत हळदकुंकू वाहिले, अक्षता टाकिल्या आणि झाकणे लाविली.

मग भाऊबीजेचा दिवस उजाडला आणि निकाल ऐकावयास दोघे बंधू एकाच वेळी हजर जाहले. एक दिवाणखान्यात बसला, दुसरा गच्चीवर उभा राहिला. पंतांनी तार काढिली, एक टोक कांप्युटरास जोडिले आणि दुसरे क्यामेऱ्यास लाविले, तों ते आत जाईना. जोर केला, अर्धे गेले. तेव्हा पडद्यावर अक्षरे उमटली की हे उपकरण ओळखता येत नाही. ओळख असोन ओळख न देणे ही या घराण्याची चाल यंत्रानेही उचलली, हे पाहोन पंत कपाळास हात लाविते जाहले. तार उलटी केली, सुलटी केली, कांप्युटर निजविला आणि पुनः उठविला. फत्ते नाही. मग त्रिंबकराव चष्मा सरसावोन आले आणि गच्चीवरून जगन्नाथरावही आले, आणि विजेरी लावोन पाहतात तों क्यामेऱ्याचे भोकात कुंकवाने माखलेली तांदळाची कणी अडकोन बसली आहे!

अक्कासाहेबांनी केसांतील आकडा काढोन दिला. थोरल्याची नजर चष्म्यातून चांगली परंतु हात कापे, धाकट्याचा हात स्थिर परंतु जवळचे दिसेना. मग थोरल्याने विजेरी धरिली, धाकट्याने आकडा घातला, आणि बारा वर्षांचे मौन असे सुटले:

"हळू रे गाढवा! मोडशील ते!"

"तू उजेड नीट धर, दादा. माझ्या डोळ्यात मारू नकोस."

कणी बाहेर आली. तार बसली. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीचे पावलाने चालो लागली आणि लग्नाच्या छब्यांची फौज एकामागोन एक कांप्युटरात दाखल होऊ लागली. अर्ध्या छब्यांत पंतांचे बोट होते. इतक्यात अक्कासाहेब वाती वळावयाचे निमित्त करोन स्वयंपाकघरात गेल्या. मग जिलबीची छबी थोर होऊन उभी राहिली, आणि पाहतात तों दोन्ही हात एकाच वेळी पुढे आलेले, आणि प्रत्येकाचे कोपरास मागून एकेक हिरव्या चुड्याचा हात ढकलीत असलेला. चुडा वधूमातेचा. दोघांचे मागे पदर सावरीत अक्कासाहेब उभ्या.

जगन्नाथराव ओरडले, "अक्के! तू ढकललंस होय?"

आतून आवाज आला, "मग काय करणार? तुम्ही दोघे दगड. दगड ढकलावाच लागतो."

त्रिंबकराव खाली पाहू लागले. मग जगन्नाथराव हळूच म्हणाले, "ते जाऊ दे. पण आज दादा आधी बोलला. गाढव म्हणाला, भाऊजी साक्षीला आहेत." आणि त्रिंबकराव म्हणाले, "म्हणालो. आहेसच तू." आणि दोघे इतके हसले की शेजारी गच्चीवर आले. मग पाट शेजारी शेजारी मांडिले आणि अक्कासाहेबांनी एकाच निरांजनाने दोघांस ओवाळिले, आणि त्यांचे डोळ्यांस धार लागली ती त्यांनी पुसली नाही.

सारांश, वैर मिटले, छब्या उतरल्या, आणि तोटी बंबास बसविण्याचे ठरले. ओवाळताना अक्कासाहेबांनी क्यामेऱ्यातून निघालेली ती कणी एका भावाचे कपाळी कुंकवावर लाविली. कोणाचे, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु लिहीत नाही. लिहिले तर आणिक बारा वर्षे जातील.