सत्तर मारांचा पुडा

कोणताही कायदा एकाएकी होत नसतो. आधी मसुदा होतो, मग मते मागवली जातात, आणि तोवर मारहाण नेटाने चालू ठेवावी लागते. नाहीतर कायदा हवाच कशाला, असा प्रश्न उभा राहायचा.

दोन हजार दोन साली दिल्लीत असाच एक मसुदा झाला. बायकोला 'नेहमी' मारणाऱ्या नवऱ्याला चाप बसवावा, असं त्यात होतं. नेहमी म्हणजे किती वेळा, ते लिहायचं राहून गेलं (मोठ्या लोकांना मोठी कामं असतात). सावली तालुक्यातल्या एका गावाने ही उणीव भरून काढायचं मनावर घेतलं. चार पुरुषांची महिला समिती नेमली. अध्यक्ष गुणवंतराव, मोजणीला इसरू.

इसरू तेंदूपानांच्या फडीवरचा, म्हणजे पानं मोजून घ्यायच्या जागेवरचा, मुंशी. सत्तर पानांचा एक पुडा, एकोणसत्तर भरली तर पुडा बाद आणि फाटकं पान मोजायचं नाही, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. तेव्हा सत्तर मार म्हणजे 'नेहमी', असं ठरलं. पुराव्यासाठी बाई शोधायला लांब जावं लागलं नाही. इसरूच्या भिंतीला भिंत लागून खुशालचं घर. त्याने तीन दिवसांपूर्वी बायकोचं, सत्यशीलाचं, मनगट मोडून तिला बाहेर काढलं होतं. हात गळ्यात बांधून ती समितीपुढे उभी राहिली.

"मले कायदा नको, भाऊ. मले माह्या घरात जाऊ द्या. दोन लेकरं आत हायेत."

"कायद्याच्या आधी घर? असं कसं बाई!" गुणवंतराव कळवळले.

मोजणी सुरू झाली. सत्यशीला सांगत गेली, इसरू लिहीत गेला. ती अडली की तोच आठवण देई, "पोळ्याच्या दिवशीचा राह्यला. भांडे पडले होते." आठ वर्षं भिंतीपलीकडून त्याने सगळं ऐकलं होतं, आणि स्मरणशक्ती म्हणाल तर देवाची देणगी! थपडा फाटकं पान म्हणून बाद झाल्या. शिव्या तर पानच नव्हेत. मोडलेलं मनगट मात्र त्याने उदार मनाने धरलं. आकडा भरला त्रेपन्न.

"सतरा कमी पडते, बाई," इसरू खरंच हळहळला. "पुडा होत नाई."

सत्यशीलाने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मंग सतरा पुरे करतो. पन मार घरातच भेटते, इथी नाई. मले घरी नेऊन सोडा. अन् मुंशीभाऊले ओट्यावर बसवा. मुंशीबिगर मोजणी कोन मानन?"

मुद्दा नियमाला धरून होता. समितीने तिला घरी नेऊन सोडलं. इसरू वही घेऊन खुशालच्या ओट्यावर बसला.

संध्याकाळी खुशालने हात उगारला. इसरूने पेन्सिल उचलली.

"काऊन बसून राह्यला बे?"

"मोजून राह्यलो."

हात न मारताच खाली आला. महिना गेला, आकडा त्रेपन्नच. लेकरं आईच्या कुशीत झोपू लागली. आठ वर्षं ऐकलेलं इतक्या सहज थांबतं, याची इसरूला मनापासून लाज वाटली (वहीत लाजेचा रकाना नव्हता). समिती मात्र वैतागली. अशाने 'नेहमी' सिद्ध व्हायचं कसं?

चार वर्षांनी कायदा लागू झाला. चांगला आहे. बाईला घराबाहेर काढता येत नाही, आणि पहिलाच मारही मारच धरला जातो.

समितीने आपल्या अहवालात एक गोष्ट घातली नाही, आणि शहाणपणाच केला. शेजारी नुसता ओट्यावर येऊन बसला तरी मार थांबतो, हे दिल्लीला कळलं असतं तर हे काम तुमच्याआमच्या गळ्यात पडलं असतं. आणि आपल्याला तर नेमका त्याच वेळी टीव्हीचा आवाज वाढवायचा असतो.