हिंमतअप्पांची कक्षा

आमचे हिंमतअप्पा रोज संध्याकाळी गल्लीतल्या विहिरीला फेऱ्या घालतात, पण सरळ गोल नाही. एका अंगाला काठाला धोतर घासेल इतके जवळून जातात आणि दुसऱ्या अंगाला जे सुटतात, ते थेट पिठाच्या गिरणीपाशी वळतात. विचारलं की छाती फुगवून सांगतात, "चंद्रनं स्टेशन असंच फिरस!"

माणूस शहाद्याकडचा पपईवाला बागायतदार. पण चंद्राभोवतीच्या नियोजित अंतराळस्थानकाची कक्षा मोबाइलवर पाहिली आणि डोक्यात भूत शिरलं. आल्यागेल्याला धरून शिकवणार. पपई म्हणजे पृथ्वी, लिंबू म्हणजे चंद्र, सुकी मिरची म्हणजे स्टेशन. "मिरची लिंबूले लांबुळका वेढा मारस. एकीकडे जवळ, दुसरीकडे दूर. पन लिंबूना मांगे कधीच दपस नही. दपनी, म्हंजे लपनी, की बोलनं बंद! पपईले ती कायम दिसाले जोयजे." मग मिरची आपल्या हातात देऊन परीक्षा घेणार. नंतर चुकून डोळ्याला हात लागला की मेलोच!

मी गल्लीच्या गणेश मंडळाचा अध्यक्ष. यंदा विहिरीलगतच्या मांडवाला आम्ही उंच पत्र्याचं छत ठरवलं. खांबाला खड्डा खणला, तर अप्पा त्यात पाय सोडून बसले.

"मांडव आठे नही. स्टेशन दपी जाई."

"अप्पा, हाऊ गणपती शे, रॉकेट नही!"

पोरं खो खो हसली. अप्पा ढिम्म. माझी सटकली. यांच्या घरच्यांनाच बोलावतो म्हणून तरातरा त्यांची माडी चढलो.

वर खिडकीशी खाटेवर अप्पांच्या मंडळी, कमलकाकू. वर्षापूर्वी लकवा मारला, तेव्हापासून उजवं अंग आणि वाचा दोन्ही गेलेली. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, नजर खाली अप्पांवर.

सून हळूच म्हणाली, "भाऊ, अप्पा दिसनात नही की आई रडस, घास लेत नही. आन डॉक्टरनं अप्पासले रोज चालाले सांगेल शे. ती कक्षा मोबाइलवर दिसनी, तवय अप्पा नाचतच वर उनात."

मी खिडकीतून वाकून पाहिलं. विहीर, गिरणी, मधली सगळी वाट ताटात वाढल्यासारखी समोर होती. आमच्या पत्र्यानं त्यातली निम्मी झाकली असती.

खाली येऊन ओरडलो, "मांडव मारुतीना पारकडे हलवा!" पोरं कुरकुरली. म्हटलं, "अध्यक्ष मी शे का तुम्ही?"

स्थापनेच्या संध्याकाळी ढोल घुमत होते. अप्पा फेरीला निघाले, गिरणीपाशी वळले आणि रोजच्यासारखा खिडकीकडे हात हलवला. तर खिडकीत कमलकाकूंचा उजवा हात हळूहळू वर आला! बोटं हलली!

"सिग्नल उना रे!" अप्पांनी ढोलांच्या वर आवाज काढला. "पृथ्वीना सिग्नल उना!"

ढोलवाल्यांनी तर पार धुमाकूळ घातला. गुलाल उधळला. मी धावत जाऊन अप्पांना खांद्यावर घेतलं आणि पाराकडे नाचत निघालो, तर वरून माझ्या डोक्यावर टपली.

"तिकडे कोठे चालना रे भो?" अप्पा रडत रडत हसत होते. "खिडकीकडे वळ. तिले दिसाले जोयजे!"