रामरावांनी भरवलेली ग्रामसभा

सकाळी अकराच्या ग्रामसभेला पावणेअकरापर्यंत तीनच माणसं जमली होती. सरपंच कोकिळाबाई, ग्रामसेविका प्रेरणा मॅडम आणि जमनी म्हातारी. त्यातही जमनी सभेला आलेली नव्हतीच. पंचायतीच्या ओट्यावर ती रोज ऊन खायला बसायची, तशी आजही बसली होती.

बेलझरी हे झरी जामणीच्या जंगलाकडेचं गाव. माणसं मोजून दोनशे, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तीही गावात सापडायची नाहीत. सगळी दारं ओढून घेतलेली, गल्ल्या ओस, वाळत घातलेली लुगडी तेवढी हलायची. भरदुपारीसुद्धा उगाच मागं वळून बघावंसं वाटेल, अशी ती सामसूम होती.

"चाळीस सह्या लागतील, ताई," प्रेरणा मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या. "आज ठराव झाला नाही, तर पाण्याची टाकी पुढच्या गावाला जाईल. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय."

बेलझरीच्या बाया उन्हाळ्याचे चार महिने नाल्यात खड्डा करून वाटीवाटीनं घागर भरायच्या. टाकी आणीन, या एका शब्दावर त्यांनी कोकिळाबाईंना निवडून दिलं होतं. टाकी गेली तर पुढच्या चैतात त्याच बायांच्या रांगेत घागर घेऊन कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

"येतीन मॅडम. काल युनूस मिस्त्रीनं भोंगा दुरुस्त करून देल्ला. माह्या आवाजात निरोप भरला हाय त्याच्यात. पार नाल्यापल्याड आयकू जाते."

अकराच्या ठोक्याला अतुल शिपायानं आत जाऊन बटण दाबलं. छतावरचा भोंगा खरखरला आणि गप्प झाला. मग भोंग्यातून कुणीतरी खोकलं. पुरुषाचा खोकला होता, खोल, छातीतून आलेला.

"कोन हाय बे तिकडं?" भोंगा गरजला. "झोपलो नाही मी! मले सारं दिसून राह्यलं. एकेकाले पायतो!"

जमनीची तंबाखूची चिमूट ओठापाशीच थांबली. "रामराव आला," ती सहज म्हणाली, जसं काही एसटी आली. ओट्याखालचं कुत्रं उठलं आणि शेपूट घालून निघून गेलं.

अतुल अनवाणीच बाहेर आला. चेहरा पांढराफटक. तशाही अवस्थेत त्यानं सवयीनं दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि वाघ मागं लागल्यासारखा पळत सुटला.

"कोण बोलतंय हे?" प्रेरणा मॅडमनी विचारलं. त्या बदली होऊन नुकत्याच इथं आल्या होत्या.

"माहे मालक."

"मग त्यांना सांगा ना, जरा नीट बोला म्हणावं. सरकारी भोंगा आहे. कुठं असतात ते?"

"चैतात वारले."

मॅडमच्या हातातलं रजिस्टर खाली पडलं. तेवढ्यात भोंग्यातून पुन्हा तोच खोकला आला, आणि त्या जमनीला खेटून बसल्या.

कोकिळाबाईंच्याही अंगावर सर्रकन काटा आला होता. आठ महिन्यांनी नवऱ्याचा आवाज डोक्यावरून, उन्हातून, असा यावा! हात आपसूक पदराकडे गेला आणि पदर डोक्यावर आला. पण तिसऱ्यांदा खोकला आला तेव्हा त्याच्यामागं बारीक किणकिण ऐकू आली. बांगड्यांची. ती किणकिण त्यांचीच होती.

त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रानडुकरं हाकायला इथं प्रत्येक जण वावरात भोंगा टांगतो. आपल्याच आवाजातली आरडाओरड मेमरी कार्डात भरून ठेवायची, बॅटरीवर ती वाजत राहते आणि डुकरांना वाटतं मालक जागा आहे. रामरावांनी आपला आवाज भरला, तेव्हा फोन कोकिळाबाईंनीच धरला होता. तो वावरात वाजायच्या आधीच भोंगा बिघडला, आणि ते गेल्यावर दुसरा आवाज भरायचं त्यांच्या जिवावर आलं. काल युनूसनं पंचायतीचा आणि वावरातला, असे दोन्ही भोंगे एकदमच दुरुस्त केले होते.

त्यांनी फोन लावला. "युनूसभाई, माह्या वावरातलं कार्ड कोनच्या भोंग्यात घातलं?"

"दोनो भोंगे सेम टू सेम होते ना बाई... या अल्ला!"

कोकिळाबाई मॅडमना हे सांगायला वळल्या, तोच गल्लीच्या टोकाला धुरळा दिसला. मग नाल्याकडे दिसला. मग जंगलाच्या बाजूला. माणसं येत होती. कमरेला कापसाच्या ओट्या तशाच बांधलेल्या. वावरात एकटं थांबायची कुणाचीच हिंमत नव्हती.

सगळ्यांत पुढं बादल होता, शेजारच्या वावराचा मालक. त्याच्या खांद्यावर लोखंडी पहार होती. ती ओट्यावर ठेवून त्यानं भोंग्याला हात जोडले. "रामरावदादा, हे घ्या तुमची पहार. परत देनारच होतो, आईची आन!"

मागोमाग फवारणीचा पंप आला. दोर आला, टोपलं आलं, कुणाच्या तरी काखेतून एक कंदील आला. रामरावांनी जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं, आणि गावानंही जन्मात त्यांना काही परत केलं नव्हतं. ओट्यावर हा ढीग लागला.

"वयनी, दादा काहून चिडले एवढे?" बादलनं दबक्या आवाजात विचारलं.

कोकिळाबाईंनी माणसं मोजली. त्रेसष्ट. खरं सांगितलं तर ही त्रेसष्ट माणसं हसत हसत वावरात परत जातील आणि टाकी पुढच्या गावाला जाईल. मेलेल्या नवऱ्याच्या नावानं खोटं बोलायची तर त्यांची तयारी नव्हती.

"मले काय सांगून गेले का ते?" त्या म्हणाल्या. "आलेच हा तं बसा. ग्रामसभा हाय."

"एक जरी हाललं, तं याद राखा!" भोंगा गरजला. त्रेसष्ट माणसं एका दमात खाली बसली.

प्रेरणा मॅडमनी एक डोळा भोंग्यावर ठेवून ठराव वाचला. "कुणाची काही हरकत?"

"झोपलो नाही मी! मले सारं दिसून राह्यलं!"

त्रेसष्ट हात वर झाले. जमनीनं तर दोन्ही केले.

सह्यांची रांग लागली असताना अतुल किल्ली घेऊन भिंतीच्या आडून डोकावला. "बाई, बंद करू का?"

"सह्या झाल्यावर," कोकिळाबाई म्हणाल्या.

दिवस कलता कलता त्या कार्ड मुठीत घेऊन वावराकडे निघाल्या. टाकीचा ठराव झाला होता, जीव हलका झाला होता. नाला ओलांडला आणि त्या थबकल्या. समोरच्या तुरीतून त्यांचाच आवाज येत होता, गोड, आर्जवी.

"समद्यायले कळवन्यात येते, का आज आपली सभा हाय. लाजू नोका. लेकराबाळासकट या. चहापान्याची सोय केली हाय."

तूर हलत होती. वारा मात्र नव्हता. कोकिळाबाई धुऱ्याच्या बांधावर चढल्या आणि बघतच राहिल्या. लेकराबाळांसकट आली होती. काळी, केसाळ, ओळीनं पसरलेली. अर्धा एकर तूर भुईसपाट करून काही तर निवांत आडवी झाली होती. एक मादी मान वर करून भोंग्याकडे एकटक बघत होती, चहाची वाट बघत असल्यासारखी.

कोकिळाबाईंनी भोंगा बंद केला. भीती वाटली, संताप आला, आणि सकाळपासून दाबून ठेवलेलं रडूही आलं. त्या खोकल्या. मग छातीच्या तळापासून जे बाहेर पडलं, ते त्यांच्या आवाजातलं नव्हतं.

"कोन हाय बे तिकडं? झोपलो नाही मी!"

कळप उधळला आणि जंगलात दिसेनासा झाला.

सकाळी अतुल दारात उभा होता. अंगणात रात्रीतून दुसरा ढीग पडला होता. कुऱ्हाड, विळे, दोन पाट, एक शिडी. त्यातलं निम्मं सामान रामरावांचं नव्हतंच.

"बाई," अतुल कुजबुजला, "काल तुमी कार्ड काढून नेलं ना? त्याच्यानंतरबी दादा बोलले. साऱ्या गावानं आयकलं."

"काय म्हनले?"

"झोपलो नाही, म्हनले."

कोकिळाबाईंनी ढिगातली शिडी उचलून भिंतीला टेकवली.

"मंग नसन झोपले," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.