पानांचं घुबड, आणि जरा हळू!

"तू निवांत झोप. टाचणी पडली तरी ऐकू येईल, इतकी शांतता ठेवतो!" चष्मेवाल्यांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं आणि खोलीचं दार अलगद ओढून घेतलं.

बायको दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून आलेली, आज पुन्हा रात्रपाळी. मधे झोपायला ही एवढी दुपार. गेल्या सुट्टीत ठकी आणि बारकूने घर असं डोक्यावर घेतलं होतं, की बिचारी तशीच लाल डोळ्यांनी कामावर गेली. म्हणून या खेपेला चष्मेवाल्यांनी बेत आखला होता. पानगळीचे दिवस, रस्ताभर पानांचा सडा. पोरांकडून पानांचं घुबड करून घ्यायचं. चिकटवण्याच्या कामाला आवाज कसला? आणि ज्या माणसाने जन्मभर चष्म्यांचे मुंगीएवढे स्क्रू बसवले, त्याला दोन पोरं जड जाणार?

सकाळी वेचलेली पानं बादलीत होती. ती ओली निघाली. म्हणून त्यांनी इस्त्री काढली. इस्त्री फिरली तशी एका पानातून जाडजूड अळी बाहेर आली आणि ठकीने आ वासला. चष्मेवाल्यांनी झेप घेऊन तिचं तोंड दाबलं.

"किंचाळायचं तर उशीत किंचाळ!"

ठकी आज्ञाधारक. तिने सोफ्यावरच्या उशीत तोंड खुपसून मनसोक्त किंचाळून घेतलं. तिचे हात मात्र गोंदाने बरबटलेले होते, ते उशीला पुसले गेले.

तोवर घुबड आकाराला आलं. ठकीने मान वाकडी करून ते पाहिलं. "बाबा, हे घुबड नाही. हे पायपुसणं आहे. सगळंच तपकिरी!"

"मग पंखांना लाल-पिवळी पानं लावू. जा, खालून घेऊन या. पण अजिबात आवाज न करता!"

'खालून' म्हणजे रस्त्यावरच्या झाडाखालून. पोरांना 'खालून' म्हणजे खालच्या मजल्यावरून असं वाटलं. आणि आवाज तर इतका कमी केला, की तिथे दाराआड तानपुरा लावून बसलेल्या गायनबाईंना काही म्हणता काही कळलं नाही.

पानं आली. लाल, पिवळी, चकचकीत.

"अरे वा! धुतल्यासारखी आहेत की!" चष्मेवाले कुजबुजले.

"त्या रोज पुसतात ना ओल्या फडक्याने," बारकू म्हणाला.

"त्या? कोण त्या?"

दारावर थाप पडली.

दारात गायनबाई. कडेवर लेकरू घ्यावं तशी कुंडी घेतलेली, आणि कुंडीत नुसत्या काड्या! बाईंचा आवाज असा, की त्यांनी दूधवाल्याला हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतला दूधवाला थांबायचा. त्यांनी श्वास भरून घेतला. चष्मेवाल्यांनी हात जोडले.

"बाई, पाया पडतो, हळू! आत ही झोपलीय. रात्रपाळी आहे."

बाईंनी भरलेला श्वास मोठ्या कष्टाने परत सोडला. सोफ्यावर बसल्या आणि कुजबुजल्या, "पोटच्या पोरीसारखं वाढवलं होतं हो मी हे झाड!"

"काय?" बारकूला ऐकू आलं नाही.

"पोटच्या पोरीसारखं!"

"कोणासारखं?"

रागावलेल्या माणसाला एकच वाक्य तीनतीनदा कुजबुजायला लागलं, की रागातला सगळा जीवच जातो. बाईंचे डोळे भरून आले. ते पाहून बारकूने घुबड उचललं आणि लाल-पिवळ्या पानांसकट त्यांच्या मांडीवर ठेवलं. "घ्या. तुमचीच पानं आहेत. पंखांना लावणार होतो."

बाई घुबडाकडे बघतच राहिल्या. "जरा तिरळं वाटतं," त्या नाक ओढत म्हणाल्या.

"चष्मा लागेल त्याला," चष्मेवाले म्हणाले. बाईंना हसू आवरेना. हसू दाबत त्या उठायला गेल्या, तर पाठीशी टेकलेली उशीही बरोबर उठली!

चौघांची ओढाओढ सुरू झाली. "हळू!" "साडी फाटेल!" "शू!" "बाबा, मी पाय ओढू?" सगळं कुजबुजत.

खोलीचं दार उघडलं. दारात बायको उभी. केस पिंजारलेले, डोळे लालभडक.

"उठलीस? झाली झोप?" चष्मेवाल्यांनी आशेने विचारलं.

"कसली झोप! अहो, दोन पोरं घरात आणि चकार शब्द नाही! आधी वाटलं, कोणी पडलं की काय. मग दार वाजलं, मग रडणं, मग नुसती कुजबुज. दवाखान्यात लोक असे कुजबुजायला लागले की काय झालेलं असतं, मला माहीत आहे! डोळे टक्क उघडे ठेवून पडले होते मी आत."



"काय भांडायचंय ते मोठ्याने भांडा," ती हात जोडून म्हणाली, "म्हणजे मला झोप लागेल." आणि आत गेली. दार तिने उघडंच ठेवलं.

गायनबाई पाठीवर उशी घेऊन ताठ उभ्या राहिल्या. घसा साफ केला. "तर चष्मेवाले!" खिडकीच्या काचा थरथरल्या. "हे झाड माझ्याकडे कसं आलं, ते आधी ऐका!"

थोड्याच वेळात आतून घोरणं ऐकू यायला लागलं. ठकी सतरंजीवर लवंडली, बारकू तिच्या पायांवर. झोपेने डोळे तर चष्मेवाल्यांचेही मिटत होते. पण बाई अजून झाडाच्या पहिल्याच वर्षात होत्या.