थंडीतला सखाराम

"माणसाचा चेहरा हा त्याच्या अंतरात्म्याचा आरसा आहे," असं कचेरीप्रमुख रूपालीमॅडमनी जाहीर केलं आणि हजेरीच्या नव्या यंत्रासमोर नारळ फोडला. त्याच क्षणी वीज गेली. चेहऱ्यांची पुढची नोंदणी यंत्राने बॅटरीवर केली, कर्मचाऱ्यांनी घामावर.

ही कचेरी म्हणजे खालापूरचा साकव देखरेख उपविभाग. दोन तालुक्यांतल्या ओढ्यांवरचे लहान पूल जागेवर आहेत ना, हे पाहणं तिचं काम. ऑक्टोबरचा उकाडा असा की यंत्रात गेलेले सगळे चेहरे नुकतेच कढईतून काढल्यासारखे चमकत होते. कारकून सखारामचाही. मार्चमध्ये तो निवृत्त व्हायचा होता. तोवर रोज सकाळी यंत्राला तोंड दाखवायचं, एवढीच काय ती देशसेवा उरली होती.

दिवाळी सरली, घाटावरून गार वारा उतरला आणि सखारामच्या गालांवर पांढुरके पापुद्रे आले. यंत्राने त्याला नीट न्याहाळलं आणि मंजूळ आवाजात सांगितलं, "ओळख पटली नाही. कृपया स्वतःला घेऊन या."

"मॅडम, मी सखाराम."

"मला माहीत आहे हो," रूपालीमॅडम म्हणाल्या. "पण मला माहीत असणं नियमात बसत नाही."

नियम असा, की आठवडाभर ओळख न पटलेला इसम नोकरी सोडून गेला असं समजावं. सोडून गेलेल्या इसमाला पेन्शन नसतं.

कडावला घरी बायको भीमाबाई म्हणाली, "अवं, खोबरेल चोपडा नि जावा!"

मुलगी दीप्ती कर्जतच्या पार्लरमध्ये कामाला. तिला हे अडाणीपणाचं वाटलं. "बाबा, थंडी पडली की रुटीन बदलायचं असतं. तोंडाला कपड्याचा साबण बंद. कढत पाणी बंद. तोंड ओलं असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. आणि ऊन कोवळं असलं तरी सनस्क्रीन."

"एवढं समदं एका तोंडाला?" भीमाबाई म्हणाली. "लग्नात बी कुनी केलं नव्हतं यांचं."

सखारामने मात्र मन लावून केलं. पापुद्रे गेले, गाल लोण्यासारखे झाले. तो ऐटीत यंत्रापुढे उभा राहिला. यंत्र म्हणालं, "आपली नेमणूक अद्याप झालेली नाही. भरती परीक्षेसाठी शुभेच्छा."

मॅडमनी वर कळवलं. वरून तातडीने उत्तर आलं: यंत्र निर्दोष आहे. कर्मचाऱ्यांनी नोंदणीच्या वेळचा ऋतू कायम ठेवावा.

मग खिडक्यांना ताडपत्र्या लागल्या, टेबलांखाली शेगड्या आल्या. शिपाई नागू येणाऱ्या प्रत्येकाकडून दारातच उठाबशा काढून घेऊ लागला. टपाल सांभाळणारी सफुरा वाफारा घेऊन, डोक्यावरचा टॉवेल न काढता यंत्राला सामोरी जाई. सगळ्यांना पाझर फुटला. सखारामला फुटेना. दीप्तीचं काम पक्कं होतं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी पोशीरचा शेतकरी चांगो कचेरीत आला. भातकापणीतून उठून जीपमागे पळालेला, नखशिखान्त निथळत होता. यंत्राची काच बघून तो केस सारखे करायला वाकला.

"सुप्रभात, सखाराम. हजेरी नोंदवली."

कचेरीतल्या सगळ्या माना वळल्या. मग मॅडम उठल्या. "नागू, यांना खुर्ची दे. हे सखाराम आहेत."

"आन मग मी कोन?" सखारामची घरची बोली बाहेर पडली.

"ते पुढच्या बैठकीत ठरवू."

चांगो घाबरला. "मॅडम, मला नोकरी नको वो! भात उभं हाय माझं. पाखरं खातात."

सखारामच्या डोक्यात गावाकडची सावड आली. आज मी तुमच्या शेतात राबतो, उद्या तुम्ही माझ्या शेतात. "चांगोभाऊ," तो म्हणाला, "तुमी हितं तोंड दाखवा, मी तुमचं भात कापतो."

"जमंल का भाऊसायब? गाल बगा की तुमचं!"

"गालानं कापायचंय व्हय रं?"

आणि सावड सुरू झाली. चांगो खुर्चीत, सखाराम शेतात. उन्हाने सनस्क्रीन उतरवलं, भाताच्या कुसळांनी मॉइश्चरायझर. अंगाची आग झाली, पण चेहरा पुन्हा ऑक्टोबरातला झाला. एका सकाळी तो धाकधुकीने यंत्रापुढे आला.

"सुप्रभात, सखाराम."

पेन्शन वाचलं. आता हजेरीवर दोन सखाराम होते. शंभर टक्क्यांच्या वर हजेरी लावणारी एकमेव कचेरी म्हणून वरिष्ठांनी उपविभागाचा सत्कार ठरवला. शाली आल्या, श्रीफळं आली. 'थंडीतही तेज राखणारे कर्मचारी' या विषयावर मॅडम भरभरून बोलल्या. टाळ्या पडल्या.

चांगो मुळात कचेरीत कशाला आला होता, हे एवढ्या दिवसांत कुणी विचारलं नाही. यंत्राने नाही, मॅडमनी नाही. वाचकहो, इतका वेळ खुशाल हसत बसलात, तुम्हीही नाही.

शेवटी माईक चांगोच्या हातात आला. त्याने खांद्यावरची शाल सावरली आणि दबकत म्हणाला, "मॅडम, आमच्या साकवाची एक फळी मोडलीय. तेवढी बसवाल का?"