पाटणकरांची काडतुसं

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे विलास पाटणकर अंडंसुद्धा खात नाहीत. केकमध्ये अंडं आहे का, हे विचारल्याशिवाय ते कंपनीतल्या कोणाच्या वाढदिवसाला तोंड गोड करत नाहीत. आणि याच पाटणकरांच्या घरी, पोलादी कपाटात, हरणाच्या शिकारीसाठी सात प्रकारची काडतुसं कुलूपबंद आहेत. परवा-परवापर्यंत, चार वर्षांत त्यांतलं एकही हरणावर झाडलं गेलेलं नव्हतं. हे मी खात्रीनं सांगतो, कारण त्यांचा एक्सेलचा तक्ता मीच सांभाळतो.

रेगेन्सबर्गपासून अठरा किलोमीटरवरच्या गावात आम्ही दोघं राहतो आणि एकाच कंपनीत जातो. मी गुणवत्ता विभागात आहे. तक्त्यातला एकही चौकोन रिकामा सोडत नाही, अशी माझी ख्याती आहे. पाटणकर ब्रेक तपासतात. गेली सव्वीस वर्षं त्यांना आयुष्यात एकच प्रश्न पडतो : "थांबायला किती मीटर?" स्टॉपच्या पुढं जाऊन थांबणाऱ्या बसबद्दल ते हेच विचारतात. माझी बायको नीलिमा फोनवर बोलत असली, की माझ्याकडे बघून भुवया उंचावत हेच विचारतात.

चार वर्षांपूर्वी त्यांनी अचानक शिकारीच्या परवान्याचा अभ्यास सुरू केला. जर्मनीत ही परीक्षा चेष्टा नाही. झाडं, पक्षी, कुत्र्यांचे रोग, कायदा, नेमबाजी, सगळं येतं. इथलेच लोक नापास होतात. पाटणकर पहिल्या फटक्यात पास झाले आणि पेढे घेऊन आले.

"भाऊजी, हरीण मारून खाणार काय तुम्ही? शिंगं?" नीलिमानं विचारलं.

"वहिनी, खायचं कोणी ठरवलंय? आधी काडतूस तर ठरू दे."

ते ठरणं चार वर्षं चालूच होतं. इथला कायदा म्हणतो, लहान हरणासाठी शंभर मीटरवर गोळीत निदान हजार ज्यूल ऊर्जा हवी. सातही काडतुसं त्याच्या कितीतरी वर आहेत. माझ्या दृष्टीनं विषय तिथंच संपला होता.

"कायदा किमान सांगतो, साने," पाटणकर म्हणाले. "शिशाची गोळी आत फुटते, हरीण जागेवर बसतं. पण शिशाचे कण राहतात, ते खाऊन गरुड मरतात. तांब्याची गोळी स्वच्छ. पण ती कधी आरपार जाते आणि हरीण साठ मीटर पळतं. साठ मीटर!"

साठ मीटर जणू ते स्वतःच पळून आले होते, असा त्यांचा चेहरा झाला.

म्हणून तक्ता. आसपासच्या शिकाऱ्यांना गाठून पाटणकर एकच माहिती विचारायचे : गोळी लागल्यावर हरीण किती मीटर गेलं? शिकारी बढाया मारतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळं उलटतपासणी व्हायची. "पावलांनी मोजलं? उतारावर का? तुमच्या बुटाचा नंबर किती?" एक शिकारी तर त्यांना बघून बेकरीच्या मागच्या दारानं निघून जायचा.

एकशे सदतीस नोंदी झाल्यावर मी स्पष्ट सांगितलं, "पाटणकर, सरासरीतला फरक दोन मीटरचा आहे. एवढ्या नोंदींवर त्याला काही अर्थ नाही. कुठलंही घ्या."

"आल्झो, साने, सरासरी हरीण तुम्ही कधी पाहिलंय? समोर येतं ते एकच असतं." आल्झो म्हणजे जर्मनमध्ये 'तर मग'; बोलणं लांबवायचं असलं, की पाटणकर त्यानंच सुरुवात करतात.

नेम चुकतो म्हणून हे चाललंय म्हणावं, तर तेही नाही. नेमबाजीच्या मैदानावर शंभर मीटरवरून त्यांच्या पाच गोळ्या दोन युरोच्या नाण्याखाली झाकता येतील एवढ्या जवळ लागतात. मी नाणं ठेवून पाहिलंय. तिथला प्रशिक्षक टाळ्या वाजवतो आणि पाटणकर कागदाची घडी घालत पुटपुटतात, "कागद काय, थांबलेलाच असतो."

घाई केली, की ठरलेलं उत्तर : "हरीण कुठं जातंय?"

"अहो, चार वर्षं झाली," नीलिमा मला म्हणाली, "भाऊजींच्या वाटणीची हरणं आता म्हातारपणानं जातील."

तिच्यासारखाच विचार बाखमायर करू लागला होता. हा सत्तरीचा शेतकरी. गावालगतच्या जंगलाचा एक तुकडा शिकारीसाठी त्याच्या ताब्यात आहे आणि तिथलं एक मचाण त्यानं पाटणकरांना दिलंय. हरणं कोवळी रोपं खातात, म्हणून ठरलेल्या संख्येनं ती कमी करावी लागतात आणि हिशेब कचेरीला द्यावा लागतो. पाटणकरांच्या नावापुढं चार वर्षं शून्य. जानेवारीच्या मध्याला हंगाम संपतो. त्याआधीच्या शनिवारपर्यंत एक हरिणी मारली नाही, तर मचाण दुसऱ्याला, असं बाखमायरनं सांगून टाकलं.

पाटणकरांनी ते मला जिन्यात सांगितलं. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पार उतरलेला दिसला. "मचाण गेलं, तर या जंगलात बंदूक घेऊन उभं राहायचा मला हक्क नाही, साने."

"मग जाईना का. तुम्ही कुठं झाडताय?"

त्यांनी शनिवारी बरोबर याल का, एवढंच विचारलं.

नीलिमानं चिवडा भरून दिला होता. पाटणकरांनी तो परत केला. "वाजतो, वहिनी. लाडू द्या." साडेतीनला आम्ही मचाणावर चढलो. चार वाजून दहा मिनिटांनी हरिणी बाहेर आली. अंतर साठ मीटर. पाटणकरांनी बंदूक खांद्याला लावली. मी मनात नव्वदपर्यंत मोजलं. हरिणीनं मान वर केली, आमच्या दिशेनं बघितलं आणि पुन्हा चरू लागली.

पाटणकरांनी बंदूक खाली घेतली. "वारा आहे."

"पानसुद्धा हलत नाहीये, पाटणकर."

"सुटेल."

तेवढ्यात त्यांचा फोन थरथरला. बाखमायर होता. जंगलाकडेच्या मोठ्या रस्त्यावर मोटारीनं एका हरिणीला उडवलं होतं. पोलिसांनी त्याला कळवलं होतं. पण तो गावात होता आणि आम्ही सगळ्यांत जवळ. चार सव्वीस झाले होते.

पुढचे पाटणकर मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी काडतुसं काढून खिशात टाकली, शिडी उतरले आणि गाडीकडे चालू लागले. वारा नाही, तक्ता नाही, आल्झो नाही.

हरिणी रस्त्यालगतच्या चरात पडली होती. मागचे पाय मोडलेले; पुढच्या पायांवर उठायचा प्रयत्न करत होती. गाडी चालवणारी मुलगी रडत होती. पाटणकरांनी पोलीसबाईंशी दोन वाक्यं बोलून सगळ्यांना गाडीमागं पाठवलं, हरिणीच्या पलीकडं मातीचा चढ येईल अशी जागा धरली आणि गोळी झाडली. एकच.

बाखमायर लंगडत पोहोचला, तेव्हा पाटणकर फरच्या झाडाची एक डहाळी मोडून हरिणीच्या तोंडात ठेवत होते. शेवटचा घास देण्याची ही इथल्या शिकाऱ्यांची रीत.

"हे नराला देतात," बाखमायर म्हणाला. "आणि मोटारीखाली आलेल्याला तर देतच नाहीत."

"गेनाऊ, अगदी बरोबर," पाटणकर म्हणाले आणि डहाळी नीट बसवली. मला तुळशीचं पान आठवलं.

"किती?" त्यांनी मला विचारलं.

"काय किती?"

"मिनिटं. तुम्ही घड्याळ बघितलं असणार."

"फोन आल्यापासून अकरा."

"माझ्या वेळी चाळीस लागली होती." ते हात पुसत होते. "हाच रस्ता. सकाळी कामावर निघालो होतो. ब्रेक उत्तम लागले, साने. फक्त दोन मीटर कमी पडले. शिकारी येईपर्यंत मी तिच्या डोळ्यांवर जाकीट धरून बसलो होतो. दुसरं काही करायची मला परवानगी नव्हती."

चार वर्षांपूर्वी त्यांच्या गाडीचं नाक चेपलं होतं, ते मला आठवलं. पार्किंगमधल्या खांबाला लागली, म्हणाले होते. ब्रेकवाल्या माणसाला खांब दिसत नाही, म्हणून मी ती गोष्ट कंपनीत महिनाभर चवीनं सांगितली होती.

बाखमायरनं खिशातून वही काढली. मग म्हणाला, "हीसुद्धा हिशेबात धरतात. मचाण राहू दे तुमच्याकडे. आणि पोलिसांना सांगतो, या रस्त्याला पहिला फोन तुम्हाला करा."

दुसऱ्या दिवशी मी तक्ता घेऊन वर गेलो. "काडतूस कुठलं होतं?"

"पहिलंच. दुकानदारानं पहिल्या दिवशी दिलेलं."

मी लिहिलं. किती मीटर गेली, या रकान्यात शून्य.

"अजून एक रकाना घाला," पाटणकर म्हणाले. "मिनिटं. इथं अकरा. आणि सगळ्यांत वर एक नवी ओळ घेऊन तिथं चाळीस."

"त्या ओळीत काडतूस कुठलं?"

"काडतूस नव्हतं."

तो चौकोन मी रिकामा ठेवला.